तिसऱ्या बेसचा वाद

न्यायशास्त्राचा पहिला पाठ देताना आमच्या शास्त्रीबुवांनी आम्हांस वाद, जल्प आणि वितंडा यांतील भेद समजावून दिला होता. तत्त्व कळावे म्हणून चालते ती चर्चा वाद. कसेही करून जिंकावे म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष मुळीच न मांडता समोरच्याचे म्हणणे खोडीत बसणे ती वितंडा. भरल्या घरात वाढलेल्या वाचकांस या तिहींची उदाहरणे शोधण्यास घराबाहेर जावे लागणार नाही. पंक्तीला आठ माणसे बसली आणि गावसकर थोर की तेंडुलकर असा प्रश्न कोणी सहज टाकला, तर ताकभातापर्यंत वादाचा जल्प होतो आणि हात धुण्याच्या आत जल्पाची वितंडा होते. येथे ज्या वादाची हकीकत सांगावयाची आहे तो मात्र आमच्या ओळखीच्या खेळासंबंधी नव्हता. बेसबॉल नामक अमेरिकन खेळात तिसऱ्या बेसवर उभा राहणारा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा तो प्रश्न होय. वाचकहो, हसू नका. शास्त्रार्थास विषय लहान नसतो, हे पुढे आपणांसही पटेल अशी आशा आहे.

२०२३ साली आम्ही सपत्नीक आमच्या कन्येकडे डेलावेअर संस्थानातील विल्मिंग्टन गावी चार महिने राहिलो. हे गाव मोठ्या सोयीच्या, किंवा गैरसोयीच्या म्हणा, जागी वसले आहे. ईशान्येस फिलाडेल्फिया पाऊण तासावर, नैर्ऋत्येस बाल्टिमोर सव्वा तासावर. आमचे जावईबापू शिक्षणासाठी प्रथम फिलाडेल्फियास उतरले, म्हणून त्यांची निष्ठा त्या शहराच्या फिलीज संघावर. शेजारी राहणारे वृद्ध गृहस्थ जन्माने बाल्टिमोरचे, म्हणून ते ओरिओल्सचे. आणि आमचा चौदा वर्षांचा नातू कोणत्याच शहराचा नव्हे, तो आकड्यांचा. या तिघांत आम्ही ऐकणारे.

खेळ थोडक्यात सांगितल्यावाचून वाद कळणार नाही. एक चौकोन कोपऱ्यावर उभा केला आहे अशी कल्पना करावी. खालच्या कोपऱ्यात फलंदाज. चेंडू टोलवून त्याने उजवीकडच्या पहिल्या बेसकडे धावावयाचे, तेथून दुसरा, मग तिसरा असे करीत मूळ जागी आला म्हणजे एक धाव. (ही प्रदक्षिणा उलटी घातली जाते, ही गोष्ट प्रथम आमच्या कुटुंबाच्या ध्यानात आली आणि त्यांस ती मुळीच आवडली नाही.) दोन बेसमधील अंतर ९० फूट. बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे असल्यामुळे त्यांनी ओढून मारलेला चेंडू डाव्या अंगास सुटतो, आणि तेथेच तिसऱ्या बेसजवळ हा थर्ड बेसमन उभा असतो. चेंडू डोळ्यांस दिसला न दिसला तोच अंगावर आलेला असतो. तो अडवून लगेच चौकोनाच्या आरपार, सुमारे १२७ फुटांवर, पहिल्या बेसकडे फेकावयाचा. कारण फलंदाज तेथे चार-सवाचार सेकंदांत पोहोचतो. बरे, याने मागे सरून सावध उभे राहावे, तर फलंदाज बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी पाडतो. या युक्तीस बंट म्हणतात. मग पुढे धावत येऊन उघड्या हाताने चेंडू उचलावा आणि वाकल्या वाकल्याच फेकावा, एवढाच उपाय उरतो. या कोपऱ्यास तिकडे हॉट कॉर्नर म्हणतात ते यथार्थ आहे.

आता वादाकडे येऊ. त्या वर्षी २६ सप्टेंबर रोजी ब्रुक्स रॉबिन्सन वारले. घरात गणपती बसलेले होते. अनंत चतुर्दशीला दोन दिवस अवकाश होता. आरतीनंतर शेजारचे गृहस्थ दारात आले. नित्याप्रमाणे मोदकाची चौकशी न करता त्यांनी ही वार्ता सांगितली आणि बराच वेळ ते खुर्चीवर नुसते बसून राहिले. घरातले वडील माणूस गेल्याप्रमाणे त्यांची मुद्रा झाली होती. रॉबिन्सन १९५५ ते १९७७ अशी २३ वर्षे एका ओरिओल्स संघाकडूनच खेळला. क्षेत्ररक्षणासाठी दरवर्षी गोल्ड ग्लव्ह नावाचे पारितोषिक देतात. ते त्याने १९६० पासून १९७५ पर्यंत एकही वर्ष न चुकता १६ वेळा घेतले. गंमत अशी की हा पुरुष लिहीत असे डाव्या हाताने, पण चेंडू फेकीत असे उजव्याने. त्यामुळे चामड्याचा मोजा त्याच्या मूळच्या हुशार हातात राहिला. पायाने मात्र तो मंद होता. एका टोल्यासरशी आपल्या पक्षाचे तिघे बाद होण्याचा दुर्मिळ प्रसंग त्याच्या फलंदाजीवर चार वेळा आला, आणि हाही एक विक्रमच आहे!

१९७० च्या वर्ल्ड सिरीजमधील सिनसिनाटी येथील पहिला सामना त्या गृहस्थांनी तरुणपणी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. ली मे नावाच्या धिप्पाड फलंदाजाचा चेंडू तिसऱ्या बेसवरून रेषेला चिकटून मागे निघाला. रॉबिन्सनने तो उलट्या हाताने बेसच्या पलीकडे अडविला. धावण्याच्या वेगाने तो रेषेबाहेर खेचला गेला आणि तेथून, पाठ पुरती वळली नसतानाच, त्याने चेंडू फेकला. एक टप्पा घेऊन चेंडू पहिल्या बेसवर पोहोचला आणि मे बाद झाला. पुढे त्याच सामन्यात रॉबिन्सनच्याच होमरनने ओरिओल्स जिंकले. ५३ वर्षांनंतर, गौरीगणपतीच्या दिवसांत, आमच्या कन्येच्या दिवाणखान्यात उभे राहून सत्तरी उलटलेल्या त्या माणसाने तो झेल-फेकीचा आविर्भाव करून दाखविला, तेव्हा समईला धक्का लागतो की काय अशी आम्हांस भीती वाटली. जावईबापू त्या दिवशी काही बोलले नाहीत. सुतकात खंडन करू नये एवढा विवेक त्यांच्या ठिकाणी आहे.

सुतक फिटल्यावर त्यांनी पूर्वपक्ष मांडला. त्यांचा देव माइक श्मिट. तो १९७२ ते १९८९ पर्यंत फिलीजकडे होता. ५४८ होमरन, आठ वेळा आपल्या लीगमध्ये होमरनमध्ये पहिला, तीनदा म्हणजे १९८०, १९८१ व १९८६ साली सर्वोत्तम खेळाडू, आणि शिवाय दहा गोल्ड ग्लव्ह. १९७६ च्या एप्रिलात शिकागोस एकाच सामन्यात चार होमरन. फिलीज हा संघ १८८३ साली निघाला, परंतु त्यास वर्ल्ड सिरीज जिंकण्याचा योग प्रथम आला तो १९८० साली, आणि त्या मालिकेचा मानकरी श्मिटच होता. इतके असून ज्या गावासाठी तो खेळला त्या गावाने त्याची हुर्यो उडविण्यास कधी कमी केले नाही. पहिल्या पुऱ्या वर्षी, १९७३ मध्ये, त्याची सरासरी हजारी १९६ इतकी दीन होती. लोक ते विसरले नाहीत. १९८५ साली त्याने प्रेक्षकांस उद्देशून काही कडक शब्द वापरले, तेव्हा तर आता काय होते अशी सर्वांस धास्ती पडली. हा गृहस्थ सरावाला केसांचा टोप आणि काळा चष्मा घालून वेषांतर करून आला, आणि तेच लोक टाळ्या पिटू लागले! १९८९ च्या मे महिन्यात निवृत्तीची घोषणा करताना त्यास रडू कोसळले. त्यानंतर त्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यासाठी लोकांनी मते देऊन निवडला तो निवृत्त झालेला श्मिटच. लोकांचे प्रेम असे उशिरा येते.

यावर आमच्या नातवाने एक आकडा टाकला. त्याने आम्ही कान टवकारले. रॉबिन्सनची जन्मभराची फलंदाजीची सरासरी हजारी २६७, आणि श्मिटची? तीही हजारी २६७! शेजारच्या गृहस्थांनी हर्षाने मांडीवर थाप मारली. फलंदाजी सारखी, मग सोळा मोजे मोठे की दहा? परंतु मुलगा धूर्त. त्याने दुसरा आकडा मागे राखून ठेवला होता. पिचरने चार चेंडू वावगे टाकले म्हणजे फलंदाजास फुकट पहिला बेस मिळतो. सरासरीत याची गणना होत नाही, पण माणूस बेसवर तर पोहोचतो. ते मिळविले की रॉबिन्सन हजारांत ३२२ वेळा बेसवर पोहोचतो आणि श्मिट ३८० वेळा. आणि होमरन २६८ विरुद्ध ५४८. म्हणजे जे माप दोघांस सारखे दाखवीत होते ते मापच आखूड होते.

येथे आम्हांस तोंड उघडावे लागले. कोणत्याही वस्तूचे लक्षण करताना अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन दोष टाळावे लागतात. केवळ क्षेत्ररक्षण हे श्रेष्ठ थर्ड बेसमनचे लक्षण मानले, तर ५१२ होमरन मारणारा एडी मॅथ्यूज ओसरीवरच राहतो, ही अव्याप्ती. केवळ फलंदाजी धरली, तर पहिल्या बेसवर वा मैदानाच्या टोकाला उभे राहणारे वाटेल तितके फलंदाज आत शिरतात, ही अतिव्याप्ती. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने १९८० साली हजारी ३९० अशी सरासरी केली आणि जन्मात ३,१५४ हिट मारल्या. फलंदाज म्हणून त्याचे नाव अनेक जण श्मिटच्या बरोबरीने घेतात, परंतु १९८७ पासून त्याने तिसरा बेस सोडून पहिल्यावर मुक्काम हलविला. (१९८० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये हा आणि श्मिट समोरासमोर होते. मालिका चालू असता ब्रेटला मूळव्याधीने गाठले. शस्त्रक्रिया करवून तो तिसऱ्या सामन्याला आला आणि पहिल्याच खेपेस होमरन मारला. वैद्यकाच्या दृष्टीने आम्ही याची शिफारस करीत नाही.) लक्षण दोन्ही अंगांनी लावावे, तर हात आणि बॅट यांचा समुच्चय श्मिटच्या ठायी जितका आहे तितका दुसऱ्या कोणाच्या ठायी नाही, असे आमचे मत झाले आणि आम्ही ते सांगितले. नातवाजवळ ‘वॉर’ नावाचे एक माप आहे. युद्धाशी त्याचा संबंध नाही. एखादा कामचलाऊ बदली खेळाडू उभा केला असता त्याच्यापेक्षा या खेळाडूने संघास किती सामने अधिक जिंकून दिले, याचा तो अदमास. तेथेही श्मिट शंभराच्या वर, मॅथ्यूज आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाचा आद्रियान बेल्ट्रे नव्वदीत, रॉबिन्सन ऐंशीच्या आत. या बेल्ट्रेच्या डोक्यास कोणी हात लावलेला त्यास खपत नसे, म्हणून त्याचे सोबती मुद्दाम लावीत. थट्टेचा हा प्रकार सर्व देशांत सारखाच दिसतो.

शेजारचे गृहस्थ रुसून म्हणाले, मापे बदलतात. हे खरेच आहे. १९६९ साली त्या खेळाच्या व्यावसायिक शतसंवत्सरीनिमित्त सर्वकाळचा उत्तम संघ निवडला गेला, तेव्हा तिसऱ्या बेसवर बसविला होता पिट्सबर्गचा पाय ट्रेनर. (‘पाय’ हे टोपणनाव एका खाद्यपदार्थावरून आहे, चरणांशी त्याचा संबंध नाही.) त्याची सरासरी हजारी ३२०, होमरन मात्र जन्मात ५८. एका पिढीने ज्यास सिंहासनावर बसविले त्याचे नाव पुढल्या पिढीच्या पहिल्या पाचांत क्वचितच येते. तो वाईट खेळू लागला असे नव्हे. तो तर १९७२ साली वारलाच.

वाद येथे मिटला असता. परंतु ऑक्टोबरात एके दिवशी शेजारच्या गृहस्थांनी आम्हांस विल्मिंग्टनचेच क्रीडांगण दाखविण्यास नेले. हंगाम संपल्यामुळे तेथे चिटपाखरू नव्हते. त्या मैदानास जूडी जॉन्सनचे नाव दिलेले आहे आणि तेथे त्याचा पुतळा आहे. नाव बायकी, माणूस थर्ड बेसमन! आमच्या चर्चेत महिनाभरात हे नाव एकदाही निघाले नव्हते, आणि तो तर याच गावचा.

चेसापीक उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्या मध्ये जो द्वीपकल्पाचा पट्टा आहे, त्यातील मेरीलंडच्या भागात दोन थर्ड बेसमन जन्मले. एक फ्रँक बेकर, १८८६ साली ट्रॅप गावी. फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्स संघाकडून खेळताना १९११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने लागोपाठच्या दोन सामन्यांत दोन होमरन मारले आणि तेव्हापासून ‘होमरन बेकर’ हेच त्याचे नाव झाले. १९११ पासून चार वर्षे तो आपल्या लीगमध्ये होमरनमध्ये पुढे होता. ते आकडे ११, १०, १२ आणि ९ होत. आज ऐकून हसू येते. त्या काळचा चेंडूच तसा निर्जीव होता. १९२० साली पत्नी वारली तेव्हा दोन लहान मुलींसाठी त्याने ते सबंध वर्ष खेळ सोडला, हे आमच्या कुटुंबास होमरनांपेक्षा अधिक भावले. दुसरा जूडी जॉन्सन, त्याच पट्ट्यातील स्नो हिल गावचा, बेकरहून तेरा-चौदा वर्षांनी लहान आणि विल्मिंग्टनमध्ये वाढलेला. तोही खेळावयास फिलाडेल्फियाकडेच गेला, परंतु वेशीबाहेरच्या डार्बी येथील हिलडेल संघात. कारण बेकर गोरा होता आणि जॉन्सन काळा.

काळ्या खेळाडूस मोठ्या लीगमध्ये घेऊ नये हा नियम कोठे छापलेला नव्हता. मालकांनी तो आपसांत ठरविला आणि साठ-एक वर्षे छापील कायद्याहून कसोशीने पाळला. १९४७ च्या एप्रिलात जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला तेव्हा तो मोडला. तोवर जॉन्सन खेळून म्हातारा झाला होता. १९२४ साली कृष्णवर्णीयांच्या लीगची पहिली वर्ल्ड सिरीज झाली तीत तो होता. १९३५ च्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या नामांकित संघाचा तो कर्णधार होता. पुढे १९५० च्या दशकात त्याच ॲथलेटिक्सने त्यास नोकरीस ठेवले, ती होतकरू पोरे हेरण्यासाठी! नंतर फिलीजनेही त्याच कामास घेतले. त्याचे जावई बिल ब्रूटन १९५३ पासून मिल्वॉकीच्या संघात खेळले. तिसऱ्या बेसवर तेव्हा तो वर सांगितलेला एडी मॅथ्यूज असे. सासऱ्यास जी वेस कधी ओलांडता आली नाही तिच्या आत जावई नांदला. जॉन्सनचे नाव हॉल ऑफ फेममध्ये १९७५ साली लागले, आणि १९८९ मध्ये तो वारला.

रे डँड्रिजची कथा याहून जिव्हारी लागते. त्याचे पाय धनुष्यासारखे वाकडे होते. त्या दोन पायांमधून आगगाडी जाईल पण चेंडू जाणार नाही, असे लोक म्हणत. उमेदीची वर्षे त्याने नेवार्कमध्ये आणि मेक्सिकोत काढली. दार उघडल्यावर १९४९ साली न्यूयॉर्क जायंट्सने त्यास आपल्या मिनियापोलिस येथील दुय्यम संघात घेतले. १९५० साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोठ्या संघात मात्र त्यास एका दिवसापुरतेही बोलाविले नाही. पुढल्या वर्षी त्याच्याच संघातून विली मेज नावाचा वीस वर्षांचा पोरगा वर गेला आणि जगप्रसिद्ध झाला. डँड्रिज होता तेथेच राहिला.

घरी येऊन आम्ही ही नावे काढली. नातवाचे म्हणणे असे : “आजोबा, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण त्यांचे आकडे फार थोडे आहेत. नोंद नाही तर धरायचं कसं?” मुलगा प्रामाणिकपणे विचारीत होता, म्हणून आम्हीही त्यास प्रामाणिकपणे उत्तर दिले. एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, हे अनुमान मीमांसकांसही मान्य आहे. परंतु एका अटीवर. ती असती तर दिसली असती, अशी स्थिती हवी. भरदिवसा उघड्या अंगणात घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. अंधाऱ्या माजघरात दिसत नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि येथे तर माजघराचे दार बाहेरून लावून घेतलेले. पस्तीस वर्षे आम्ही गुणपत्रके भरली आहेत. गैरहजर मुलापुढे आम्ही शून्य कधी लिहिले नाही. आणि ज्यास शाळेत घेतलेच नाही त्याचे नाव हजेरीपटावर नाही, हा काही त्या मुलाच्या बुद्धीचा पुरावा नव्हे.

ही दूर अमेरिकेची गोष्ट म्हणून उसासा टाकून मोकळे होण्याची सोय आम्हां पुणेकरांस नाही. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांवर बळी घेणारे बाळू पालवणकर पुण्यात खेळत, तेव्हा त्यांस चहा मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांस मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले. त्या मंडपात बसून काचेच्या पेल्यातून चहा पिणारे कोण होते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ते आपलेच आजे-पणजे होत.

जावईबापूंनी यावर एक आक्षेप घेतला, आणि तो टाकाऊ नव्हे. ते म्हणाले, “दार लावलं होतं हे कबूल. पण म्हणून जॉन्सन श्मिटपेक्षा मोठा, असं तर ठरत नाही ना?” ठरत नाही. अन्याय झाला एवढ्याने थोरवी सिद्ध होत नाही. जॉन्सन होमरनवाला नव्हता; त्याची कीर्ती हाताची आणि डोक्याची. श्मिटच्या पंक्तीस आम्ही त्यास वरच्या पाटावर बसविणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की १९४७ पूर्वीच्या थर्ड बेसमनांचे जे क्रम लावले गेले, ट्रेनरचा असो की बेकरचा, ते निम्मी पंगत उठवून लावलेले आहेत. बेकरने कोणाहून अधिक होमरन मारले? ज्यांस खेळू दिले त्यांच्याहून. श्मिटचे तसे नाही. त्याच्या काळी दार उघडे होते, काळे-गोरे सारे मैदानात होते, आणि त्या सर्वांत तो आठदा पहिला आला. आमचे मत त्यास पडते त्याचे हेही एक कारण आहे, आणि आमच्या मते ते पाचशे अठ्ठेचाळिसांहून वजनदार आहे.

आम्ही परत आल्यावर २०२४ च्या जानेवारीत बेल्ट्रेची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली, तेव्हा जावईबापूंच्या घरी पुन्हा दोन दिवस खडाजंगी झाल्याचे कन्येने कळविले. त्याच वर्षी मे महिन्यात १९२० ते १९४८ पर्यंतच्या कृष्णवर्णीय लीगचे आकडे मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदीत मिळविण्यात आले. त्या रात्री नातवाचा दूरध्वनी आला. जॉन्सनचे पान आता वहीत घातले आहे, म्हणाला. शेजारच्या आजोबांना दाखविले, तर त्यांनी ते नीट वाचून पाहिले आणि रॉबिन्सनचे पान त्याच्या वर आहे की नाही एवढेच विचारले. डँड्रिजची मात्र मोठी अडचण झाली आहे. मेक्सिकोतील त्याची वर्षे या नोंदीत येत नाहीत, आणि ते आकडे कोठे मिळतील याची पोराने ग्रंथालयात चौकशी चालविली आहे. स्पॅनिश वाचता येत नाही म्हणून त्याने शाळेत तो विषय घेतला. आमच्या कुटुंबाचे म्हणणे, त्यापेक्षा संस्कृत घेतले असते तर बरे झाले असते.